मंडई गावाची, मिरवणूक कुणाची?

१ नोव्हेंबर ही तारीख मराठी माणसाच्या लक्षात राहिली आहे ती बेळगावमुळे. तिथे त्या दिवशी काळ्या फिती लागतात, काळे झेंडे निघतात. त्याच दिवशी बंगळुरूपासून हुबळीपर्यंत लाल-पिवळे ध्वज फडकतात आणि कन्नड राज्योत्सव साजरा होतो. एकाचा शोक, दुसऱ्याचा सण. मूळ दोन्हींचे एकच, १९५६ ची राज्यपुनर्रचना. पण त्या पुनर्रचनेने त्याच दिवशी मराठी मुलखाच्या पार दुसऱ्या टोकालाही एक रेघ ओढली होती आणि तिची आठवण आज फारशी कुणी काढत नाही. तोवर नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, राजधानी भोपाळला गेली आणि नागपूरच्या सावलीत वाढलेला बालाघाट जिल्हा नव्या मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला राहिला.

बालाघाटात १ नोव्हेंबरला कुणी काळी फीत लावत नाही. शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत मध्य प्रदेशाचा स्थापना दिवस होतो, भाषणे होतात, मुले घरी जातात. गावांचे लक्ष तेव्हा दुसऱ्याच मोजणीत असते. हलके धान कापून झाले का, भाऊबीज किती तारखेला, आपल्या गावाचा दिवस कधी. २०२४ साली १ नोव्हेंबर ऐन दिवाळीत आला आणि दोन दिवसांनी भाऊबीज. भाऊबीज झाली की वैनगंगेच्या दोन्ही काठांना मंडईचा हंगाम सुरू होतो.

मंडई म्हटल्यावर पुण्याच्या वाचकाला भाजी आठवेल. त्याचा दोष नाही. बालाघाट म्हटल्यावर अनेकांना बीड-धाराशिवकडची डोंगररांग आठवते, तसेच हे. इथली मंडई वेगळी. भंडारा, गोंदिया आणि बालाघाट या पट्ट्यात दिवाळीनंतर गावोगाव जी एका दिवसाची जत्रा भरते ती मंडई. हिंदी बोलणारे तिलाच मडई म्हणतात, पलीकडे छत्तीसगडातही मडईच. उच्चारातला फरक सोडला तर खेळ एकच आहे आणि त्याला राज्याची हद्द ठाऊक नाही.

या जत्रेची रचना मोठी शहाणपणाची आहे. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. आज या गावात, उद्या दोन कोसांवरच्या त्या गावात, अशी ती पुढे सरकत जाते, म्हणजे शेजाऱ्यांची टक्कर होत नाही आणि दुकानदाराला रोज नवे गिऱ्हाईक मिळते. दिवाळीच्या पाडव्याला गोधनाची पूजा होते. गुरे राखणारा गोवारी समाज रंगीत कपडे घालून, घुंगरू बांधून, बासरी आणि ढोलकीवर नाचत गावात फिरतो. मंडईच्या दिवशीही मान त्यांचाच. मध्यभागी उंच, सजवलेला बांबू आणि त्याच्याभोवती फेर. बाजूला शिंगाड्यांचे ढीग, ऊस, मुरमुरे, जिलेबी, बांगड्या, फुगे, प्लास्टिकच्या गाड्या. शिंगाडा इथे शेजारच्या तलावातूनच येतो, कारण हा सगळा धानाचा आणि तलावांचा मुलूख.

मंडईचा खरा धंदा मात्र नात्यांचा असतो. सासरी गेलेल्या लेकी भाऊबीजेला येतात त्या मंडई बघूनच परततात. धानाची कामे नसतात तेव्हा मजुरीसाठी नागपूर-हैदराबादकडे जाणारी माणसे या दिवसांत घरी असतात. सोयरे बोलावले जातात, पाहुणा मंडईला आला म्हणून कोंबडे कापले जाते आणि मुलगी दाखवण्याचा घरगुती समारंभ टाळून मुला-मुलीने एकमेकांना गर्दीत बघून घेण्याची सोयही याच दिवशी होते. मोबाइल आल्यावर ही शेवटची सोय थोडी निकामी झाली असेल; पण व्याह्याच्या घरी तोंड दाखवण्याचे काम फोनवर होत नाही. रात्री दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये किंवा नाटक. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा-देसाईगंज हे झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे. तिथून निघालेल्या कंपन्या दिवाळीपासून होळीपर्यंत पूर्व विदर्भात रात्र-रात्रभर नाटके करतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईतल्या बऱ्याच नाट्यरसिकांना झाडीपट्टी कुठे आहे ते नकाशात शोधावे लागले.

मंडईच्या गर्दीत ‘अस्मिता’ हा शब्द कानावर पडत नाही. आपल्या मंडईला किती दुकाने आली, कुणाच्या गावात नाटक बघायला जास्त माणसे जमली, कुणाचा फेर रंगला, यावर मात्र वर्षभर वाद चालतो. प्रादेशिक अभिमान म्हणतात तो इथे गावाच्या आकाराचा आहे. तो शेजारच्या गावाशी चढाओढ करतो आणि दुसऱ्याच दिवशी त्याच गावात पाहुणा म्हणून जेवायला जातो.

तरी हे चित्र गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मंडईत ज्याला पुढे नाचायचा मान, त्याला वर्षभर गावात किती मान होता हा प्रश्न आहेच. फेर धरणारा गोवारी एरवी दुसऱ्यांची गुरे राखणारा; वाजंत्री वाजवणारा गावकुसाबाहेरचा. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, म्हणजे मंडईच्याच दिवसांत, अनुसूचित जमातीत समावेश व्हावा म्हणून हजारो गोवारी नागपूरच्या विधानभवनावर गेले आणि चेंगराचेंगरीत ११४ जणांचा जीव गेला. त्यात बाया होत्या, लेकरे होती. नागपुरात त्यांचे स्मारक आहे, एका उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. मंडईच्या फेराकडे बघताना हे आठवले पाहिजे. एक दिवसाचा मान आणि वर्षभराची मोजदाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बालाघाट हा जिल्हाच मुळी जोडून केलेला. इंग्रजांनी १८६७ पासून पुढच्या काही वर्षांत भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे एकत्र करून तो उभा केला. मुख्य ठिकाणाचे जुने नाव बुऱ्हा. खाली वैनगंगेचे धानाचे सपाट खोरे, वर बैहर-परसवाड्याचे जंगली पठार. एका भागात तलाव आणि बांध्या, दुसऱ्या भागात सालवन, बैगा आणि गोंड. लांजीचा किल्ला याच जिल्ह्यात. रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या इ.स. १११४ च्या शिलालेखात ‘लांजिका’ आणि ‘भाणारा’ ही नावे शेजारी-शेजारी येतात. म्हणजे लांजी आणि भंडारा यांचा शेजार नऊशे वर्षांचा, त्यांच्यात राज्याची सीमा आली ती अलीकडे.

या सीमेवर काम करणाऱ्यांना तिचा विसर पडावा अशीच सगळी व्यवस्था आहे. भरवेलीची भूमिगत मँगनीज खाण चालवणाऱ्या मॉइलचे मुख्यालय नागपूरला, आणि तिच्याच खाणी भंडारा-नागपूर जिल्ह्यांतही. बावनथडी नदीवरचा राजीव सागर प्रकल्प दोन्ही राज्यांनी मिळून बांधलेला; पाणी इकडेही आणि तिकडेही. गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर ही छोट्या लाइनची गाडी शंभराहून अधिक वर्षे धावली. तिचा शेवटचा टप्पा २०१५ मध्ये बंद होऊन आता मोठी लाइन आली आहे. दुखणे वाढले की बालाघाटचा माणूस भोपाळला जात नाही, गोंदियाला किंवा नागपूरला जातो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांना तर आपण दुसऱ्या राज्यात चाललो हे तिकिटावरच कळत असावे.

मराठी पुढारी आणि साहित्यिक यांच्या नजरेतून मात्र हा जिल्हा निसटला. मध्य प्रदेशातले मराठी म्हटले की इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार. शिंदे-होळकरांच्या दरबारामागोमाग गेलेले, शिकलेले, नोकरपेशातले मराठी. अखिल भारतीय साहित्य संमेलनही त्यांच्याकडे गेले: १९६१ मध्ये ग्वाल्हेरला, जिथे कुसुमावती देशपांडे या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि २००१ मध्ये इंदूरला. त्या मराठीचा अभिमान रास्तच आहे. पण ती स्थलांतरितांची मराठी. बालाघाटची मराठी कुठून आलेली नाही, ती तिथलीच आहे. धान लावणाऱ्यांची, साडी विणणाऱ्यांची, खाणीत उतरणाऱ्यांची. तिच्याजवळ वाचनालय नाही, वसंत व्याख्यानमाला नाही, म्हणून ती मराठी म्हणून दिसत नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जॉर्ज ग्रियर्सन यांना ती दिसली होती. त्यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या, मराठीच्या खंडात बालाघाटकडच्या मराठीची ‘मऱ्हेटी’ या नावाने नोंद आहे. गंमत अशी की याच खोऱ्यातली, पोवार समाजाची पोवारी बोली मात्र सहाव्या खंडात, पूर्व हिंदीतल्या बघेलीच्या पोटात घातली गेली. एकाच गावातले दोन शेजारी, एकाची बोली एका ग्रंथात आणि दुसऱ्याची दुसऱ्यात. आजही जनगणनेत पोवारी हिंदीच्या गटात मोजली जाते. ‘मोरो नाव अमुक से’ असे सांगणारा पोवार माणूस हिंदी बोलतो आहे की मराठी, याचा निकाल दिल्लीतल्या रकान्याने लावायचा. त्या ‘से’मध्ये खानदेशी कानाला आपल्या अहिराणीचा ‘शे’ ऐकू येईल, मारवाडी कानाला आणखी काही. पोवारीभोवती मराठी इतकी वर्षे आहे की दोघींनी एकमेकींचे दागिने घालून बघितले आहेत. कोणता कुणाचा हे आता ओळखू येत नाही.

पोवारांची स्वतःची गोष्टही अशीच प्रवासाची. माळव्यातून, धारकडून आपण आलो, ही त्यांची परंपरा. रामटेकजवळचे नगरधन हा पहिला मुक्काम. पुढे भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत गेले आणि त्याबद्दल वैनगंगेकाठी जमिनी मिळाल्या, अशी हकिगत रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जाति-जमातींवरच्या ग्रंथात नोंदलेली आहे. तलाव बांधून धान पिकवण्यातले त्यांचे कसबही तिथे वाखाणले आहे. माळव्याचे मूळ, भोसल्यांची चाकरी, झाडीचा चिखल आणि छत्तीस कुळे. असा समाज मराठी की हिंदी, असे विचारणेच थोडे हास्यास्पद आहे.

पोळ्याचा दुसरा दिवस हे हद्द न मानणाऱ्या रीतीचे आणखी एक उदाहरण. नागपुरात त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, शहरभर गर्दी होते आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत फोटो येतात. बालाघाटात तिचेच नाव नारबोद. पुतनामावशीचा पुतळा पहाटे गावाबाहेर न्यायचा, रोगराई, खोकला, डास-ढेकूण सगळे तिने बरोबर न्यावे अशी आरोळी द्यायची, आणि मागे वळून न बघता परतायचे. दारात पळसाच्या डहाळ्या खोचायच्या. त्याच दिवशी, त्याच मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याला जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. ती गोटमार. माणसे जखमी होतात, कधी मरतात. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन बघितले, दगड काही थांबले नाहीत. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला तरी गोटमार चालूच. परंपरेचा अभिमान म्हटले की गोटमारीलाही हात जोडावे लागतात, ही त्या शब्दाची अडचण. एकाच पंचांगाच्या एकाच तिथीला एक गाव आपला कचरा वेशीबाहेर टाकते, दुसरे गाव नदीपलीकडच्या शेजाऱ्याचे डोके फोडते. दोघेही सांगतात, आमची परंपरा आहे.

बालाघाटात गेल्या काही वर्षांत जे वाढले आहे ते मात्र यांपैकी काहीच नाही. वाढल्या आहेत त्या जयंत्या.

वसंत पंचमीला राजा भोजाची जयंती. अकराव्या शतकातला धारचा हा परमार राजा पोवार समाजाचा पूर्वज मानला जातो आणि त्या दिवशी बालाघाट, वारासिवनी, गोंदिया, तिरोडा अशा ठिकाणी शोभायात्रा निघतात. लोधी समाजाची राणी अवंतीबाई, गोंडांची राणी दुर्गावती, १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडा. केंद्र सरकारने २०२१ पासून हा जनजातीय गौरव दिवस केला. १४ एप्रिल तर आहेच. रथ, फेटे, दुचाकींची रॅली, ध्वनिक्षेपकांची भिंत, चौकाचौकांत स्वागताच्या कमानी आणि कमानीवर महापुरुषापेक्षा मोठे असे इच्छुक उमेदवाराचे छायाचित्र. भोपाळच्या मोठ्या तलावात २०११ मध्ये राजा भोजाचा पुतळा उभा राहिला, विमानतळालाही त्याचे नाव मिळाले. राज्यकर्त्यांना जातीचा अभिमान दगडात आणि फलकांत मोजायला सोपा जातो.

यावर नाक मुरडणे सोपे आहे आणि ते थोडे अन्यायाचेही होईल. सगळ्या जयंत्या एका मापाने मोजता येत नाहीत. ज्याला मंडईत वाजवायला बोलावले पण ओसरीवर बसवले नाही, त्याने १४ एप्रिलला रस्त्याच्या मधोमध चालावे, ही मिरवणुकीची मूळ गरजच होती. बिरसा किंवा दुर्गावतीच्या नावाने बैगा-गोंड माणूस तालुक्याच्या चौकात उभा राहतो तेव्हा तो जंगलखात्याच्या शिपायापुढे उभा राहण्याचा सराव करत असतो. बैहरकडे बैगांच्या पारंपरिक खेळांचे ‘बैगा ऑलिम्पिक’ भरवले गेले. नाव सरकारी थाटाचे असले तरी निदान तिथे बैगा प्रेक्षक नव्हता, खेळाडू होता. पोवारांच्या जयंतीमागेही दुखणे आहे. आपली बोली मुलांच्या तोंडून जाते आहे, शाळेत बोलले तर हसतात, पुस्तक नाही, पेपर नाही. तेव्हा निदान राजा तरी असावा.

खटकते ते पुढचे. मंडईला जाणाऱ्याला तू कोण म्हणून विचारत नाहीत. तो गिऱ्हाईक असतो, पाहुणा असतो, बघ्या असतो. मिरवणुकीत मात्र आधी कुळ लागते. मंडईचा अभिमान गावाच्या हद्दीपर्यंत जातो आणि तिथे त्याला दुसरे गाव भेटते. मिरवणुकीचा अभिमान समाजाच्या हद्दीपर्यंत जातो आणि तिथे त्याला दुसरी मिरवणूक भेटते. पोवार, पंवार की पवार, या एका नावाच्या लेखनावर समाजात वर्षानुवर्षे वाद आहे. मध्य प्रदेशात एक लिहायचे, महाराष्ट्रात दुसरे, दाखल्यावर तिसरे. ज्या बोलीला वाचवायचे तिच्यातली म्हण, ओवी, नातलगांची नावे गोळा करण्याऐवजी सभा नावाच्या अनुस्वारावर रंगतात. एवढ्या वेळात एक बरा शब्दकोश पुरा झाला असता. पोवारीची साहित्य संमेलने अलीकडे भरू लागली आहेत, तरुण मंडळी मोबाइलवर पोवारीत कविता, विनोद टाकतात. उरलेली आशा तिथेच आहे, रथावर नाही.

अभिमानाचा तिसरा प्रकार राज्यांच्या पातळीवरचा आणि तो सगळ्यांत नवा. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिन्नोर म्हणजे बारीक दाण्याचा, वासाचा, शिजला की मऊ लोण्यासारखा होणारा तांदूळ; वैनगंगेच्या खोऱ्यातल्या लग्नाच्या पंगतीत त्याला अजून मान आहे. मानांकनाची बातमी भोपाळच्या पेपरांत राज्याचा गौरव म्हणून आली. मग भंडाऱ्याच्या चिन्नोरनेही आपले मानांकन वेगळे मिळवले आणि तो महाराष्ट्राचा गौरव झाला. नदी एक, वाण एक, शिजवणाऱ्या बायांची कृती एक, प्रमाणपत्रे दोन. दोन्हीकडच्या शेतकऱ्याची अडचणही एकच आहे. चिन्नोर उशिरा येतो, उतारा कमी देतो, आणि सरकारी खरेदी केंद्रावर साध्या धानाच्या हमीभावात त्याच्या वासाला किंमत नसते. वासाची किंमत शहरातला गिऱ्हाईक देईल, पण त्याच्यापर्यंत पोचायला एक नाव, एक पिशवी, एक दुकान लागते. दोन राज्यांचे दोन गौरव एकमेकांशी स्पर्धा करत बसले तर फायदा बिनवासाच्या तांदळावर अत्तर मारणाऱ्याचा.

वारासिवनीच्या हातमागाच्या साडीला २०२३ मध्ये असेच मानांकन मिळाले. तिथले विणकर कोष्टी. त्यांचे भाऊबंद विदर्भात भंडारा-पवनी-नागपूर-उमरेडपर्यंत पसरलेले, धागाही बराचसा त्याच बाजारातून फिरणारा. मानांकन मिळाल्याने मागावर बसणारी पुढची पिढी तयार होत नाही. विणकराचा मुलगा मोबाइलच्या दुकानात जास्त कमावत असेल तर साडीचा अभिमान त्याने कशाशी खायचा? हा प्रश्न पैठणीच्या येवल्यातही आहे. पण पैठणीला निदान मुंबई-पुण्याची लग्ने आहेत. वारासिवनीच्या साडीला नागपूरच्या सीताबर्डीतही नाव घेऊन मागणारे गिऱ्हाईक मिळणे मुश्कील.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पुढच्या फेब्रुवारीत दिल्लीला साहित्य संमेलन झाले आणि अध्यक्ष होत्या तारा भवाळकर, लोकसाहित्याच्या अभ्यासक. योग चांगला होता. अभिजाततेच्या नावाने आता काही निधी, काही योजना, काही समित्या येणार. त्यांतला थोडा पैसा आणि थोडे लक्ष राज्याच्या हद्दीबाहेर, पण भाषेच्या हद्दीच्या आत असलेल्या अशा जिल्ह्यांकडे जायला काय हरकत आहे? मध्य प्रदेशची स्वतःची मराठी साहित्य अकादमी भोपाळला आहे. तिचे कार्यक्रम इंदूर-ग्वाल्हेरच्या सभागृहांतून निघून एखाद्या मंडईत, दंडारीच्या शेजारच्या मांडवात झाले तर श्रोते कमी पडणार नाहीत. पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीचे काम हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर केले; त्या कामाचा पूर्वेकडचा धागा गोंदियाला आणून सोडून देण्याचे काही कारण नाही, तो बाघ नदी ओलांडून किरणापूर-लांजीपर्यंत जातो. आणि हे करताना पोवारीला मराठीची पोटबोली ठरवण्याचा मोह आवरला पाहिजे. हिंदीने एकदा तिला आपल्या खात्यात लिहून टाकलेच आहे. आता मराठीने दावा सांगितला तर तिच्या बोलणाऱ्यांना तेच दुखणे दुसऱ्यांदा.

बेळगावचा लढा बेळगावच्या ठिकाणी. तिथे शाळा, पाट्या, सातबारा यांचा प्रश्न रोजचा आहे आणि त्याला उत्तर मिळाले पाहिजे. पण प्रत्येक सीमेवर बेळगाव शोधण्याची सवय वाईट. बालाघाटात कुणी ‘आम्हाला महाराष्ट्रात घ्या’ म्हणून रस्त्यावर उतरलेले नाही, म्हणून तिथे मराठी नाही असे मानायचे, हा हिशेब चुकीचा. आंदोलन नाही तिथे अभिमान नाही, असेही नाही. २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया असलेला हा जिल्हा मध्य प्रदेशात पहिला होता. ज्या मुलखात मुलगी नकोशी नसते त्या मुलखाने अभिमान बाळगायला आणखी कारण शोधावे लागू नये. पण या आकड्याची शोभायात्रा निघाल्याचे ऐकिवात नाही. त्यात कुणाचे कुळ नाही, कुणाचा राजा नाही, कमानीवर लावायला कुणाचे छायाचित्र नाही.

कार्तिकी पौर्णिमेला रामपायलीला, चंदन नदीकाठच्या राममंदिरापाशी मोठी जत्रा भरते. तोवर छोट्या मंडया बऱ्याचशा उरकत आलेल्या असतात. ज्या गावात आज मंडई झाली तिथे रात्रीच्या नाटकाचा मांडव अजून भरलेला असतो, आणि बाहेर दुकानदार आवराआवर करत असतात. उरलेले शिंगाडे पोत्यात, फुगे सोडून काठी रिकामी, जिलेबीची कढई गार पाण्याने विसळून टेंपोत. दिव्याखाली दोघे-तिघे उद्याच्या गावाबद्दल बोलत असतात. उद्याचे गाव बाघ नदीच्या पलीकडे, गोंदिया जिल्ह्यात. तिथे मागच्या वर्षी उसाला भाव बरा मिळाला होता. पहाटेच निघावे लागेल, नाहीतर झाडाखालची जागा दुसरा कुणीतरी धरेल.